अकरावीत गणित सोडायचं का?

प्रश्न: आम्ही अमरावतीचे. मुलगी अकरावीत आहे. विषाणू कसे बदलतात हे तिला शिकायचंय. क्लासचे सर म्हणतात, बायोलॉजी आहे ना, मग गणित सोडा आणि नीटकडे लक्ष द्या. मला वाटतं, कोविड आता सौम्य झाला, या विषयात पुढे काय राहिलं? – एक पालक

उत्तर: गणित सोडू देऊ नका. तिला जे शिकायचंय, त्यात निम्मं गणितच आहे.

तुमच्याच गावचं उदाहरण घेतो. २०२१च्या फेब्रुवारीत अमरावतीत लॉकडाऊन लागला होता, आठवत असेल. त्या सुमारास महाराष्ट्रातल्या नमुन्यांत स्पाइक प्रोटीन (विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटे, ज्यांनी तो आपल्या पेशीत शिरतो) बदललेला विषाणू सापडू लागला. पुढे दुसऱ्या लाटेत पसरलेला डेल्टा हा प्रकार त्याच घराण्यातला. असा नवा प्रकार जुन्याला मागे कसा टाकतो? समजा, नव्याचा रुग्ण १ आणि जुन्याचे ९९ आहेत, आणि लागणीच्या दर फेरीत नवा जुन्याच्या दुप्पट पसरतो. जुने ९९च राहिले असं धरलं, तर नवे २, ४, ८ असं करत सातव्या फेरीला १२८ होतात. फेरी चार दिवसांची धरली, तर महिनाही लागत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे: ही दुप्पट येते कुठून? २०२०च्या सुरुवातीला जवळपास कुणाच्याच अंगात या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे जो जास्त वेगाने पसरेल तो जिंकत होता. २०२१ संपेपर्यंत असंख्य लोकांना लस मिळाली होती किंवा आजार होऊन गेला होता. आता नुसत्या वेगाने भागेना. जो तयार अँटिबॉडींना (लशीमुळे किंवा आजारामुळे रक्तात तयार होणाऱ्या, विषाणूला चिकटून त्याला अडवणाऱ्या प्रथिनांना) चुकवेल त्याचं फावलं. नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानातून कळलेल्या ओमिक्रॉन या प्रकाराच्या स्पाइकमध्ये तीसपेक्षा जास्त बदल होते, त्यामुळे जुन्या अँटिबॉडी त्याला नीट ओळखेनात. म्हणजे विषाणूचं बळ एकट्या विषाणूत नसतं, आजूबाजूच्या माणसांना आधी काय होऊन गेलंय त्यावरही ते ठरतं. जनुकक्रम वाचायचा आणि लोकसंख्येचा हिशेबही मांडायचा, अशी दोन्ही कामं येणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. म्हणून मी इतकं आग्रहाने सांगतोय.

आणि विषाणू आपोआप सौम्य होतो हा समज काढून टाका. डेल्टा आधीच्या अल्फा प्रकारापेक्षा जास्त घातक निघाला. पुढे आजार हलका झाला त्यात आपल्या टी-पेशींचा (लागण झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) मोठा वाटा आहे. अँटिबॉडी चुकल्या तरी टी-पेशी विषाणूचे बरेच तुकडे ओळखतात. फ्लूचा विषाणूही असाच सतत बदलतो, म्हणून त्याच्या लशीत काय घालायचं हे वर्षातून दोनदा ठरवावं लागतं. तेव्हा काम संपत नाही.

वाट सांगतो. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र हे चारही विषय ठेवा. आयसरच्या (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या) प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न असतात. तिथे नाही जमलं, तर मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून, जोडीला स्टॅटिस्टिक्स आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिकून पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या) एम.एस्सी. व्हायरॉलॉजीसाठी प्रयत्न करता येईल. पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं धरा. पगार उशिरा सुरू होतो, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

तिचा कल पाहायचा असेल, तर वरचा हिशेब दुपटीऐवजी दीडपट धरून करायला द्या. लॉगरिदम अकरावीला आहेच. उत्तर अकरा-बारा फेऱ्या येईल.