पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या जुन्या लॅपटॉपवर फक्त यूट्यूब आणि ओटीटी पाहायचं असेल तर विंडोज ठेवावं की लिनक्स टाकावं?

लिनक्स मिंट टाका, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, आणि तिची जुन्या मशीनला हलकी पडणारी एक्सएफसीई आवृत्ती. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुमच्या पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला अधिकृतपणे घेतच नाही.

पण प्रश्नात तुम्ही "लिनक्सवर व्हिडिओ अडकतात असं ऐकलंय" असंही लिहिलंय. हे वाक्य मी घरात इतकं ऐकलंय की उत्तर द्यायला बसलेच.

सासऱ्यांचा लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यसंगीत आणि जुन्या मैफली, बाकी काही नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात काढा. मी मिंट टाकलं. पहिल्याच संध्याकाळी व्हिडिओ अडखळायला लागला, पंखा घोंघावायला लागला आणि दीर म्हणाले, "वहिनी, ही इंजिनिअरिंगच्या पोरांची खुळं आहेत. बाबांना विंडोज परत द्या."

अहो, पण विंडोज होतं तेव्हाही पंखा असाच ओरडायचा! तेव्हा मात्र "लॅपटॉप जुना झाला" म्हणायचे. खरं कारण वेगळंच होतं. यूट्यूब सहसा व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धतींमध्ये, पाठवतं. चौथ्या पिढीच्या ग्राफिक्स चिपला एच.२६४ हा जुना कोडेक उलगडता येतो, व्हीपी९ नाही. व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीत आली, एव्ही१ ची अकराव्या. मग सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, सिस्टिम कुठलीही असो. मी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सोय, घातलं, त्यामुळे यूट्यूब एच.२६४ च पाठवतं. इंटेल ग्राफिक्सवर लिनक्समधलं हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ ग्राफिक्स चिपकडूनच उलगडून घेणं, फायरफॉक्स ११५ पासून आपोआप चालू असतं. पंखा शांत झाला. बाबांनी त्याच रात्री अख्खी मैफल ऐकली. भावोजी आजही "नशिबाने चाललं" म्हणतात. नशीब नाही, कोडेक!

तुमच्याकडे कोणी असं म्हणालं तर यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेकची ओळ त्यांनाच वाचायला लावा. मिंट टाकताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करायला विसरू नका.

ओटीटीचं राहिलंच. नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे वाइडवाइन नावाच्या कुलपातून व्हिडिओ देतात आणि लिनक्सच्या ब्राउझरमध्ये त्याची सॉफ्टवेअरवर चालणारी, खालच्या दर्जाचीच पातळी मिळते. त्यामुळे चित्र चालतं, पण फोर-के येत नाही. फोर-केचे पैसे भरत असाल तर ते टीव्हीवरच बघा. मशीन आठव्या पिढीचं किंवा नवं, रॅम आठ जीबी असेल, तर विंडोज ११ ला माझी हरकत नाही. आणि काहीही पुसण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून आवाज आणि वायफाय तपासून घ्या. काही जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.