गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की गॅरेजमध्ये २ वर्षं मेकॅनिकल काम केलं, पण वायरिंगचा फॉल्ट आला की हात थांबतो, मग हे शिकायचं कसं. मी कुर्ल्यात १८ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय, त्यावरून सांगतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक चांगला मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, आणा. आधी बिघडलेली गाडी नको, धडधाकट गाडी मोजा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू केलं की साधारण १४. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका मापावर डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) बाद ठरवू नका.

खरी शिकायची गोष्ट म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे खराब वायरीत किंवा जोडात वाटेतच वाया जाणारे व्होल्ट. गेल्या पावसाळ्यात एक टॅक्सी आली. सेल्फ मारला की नुसतं 'कट्'. मालकाची नवी बॅटरी टाकून झाली होती, कुणीतरी सेल्फही खोलून दिला होता. माझ्या हाताखालच्या पोराने बॅटरीवर मीटर लावलं आणि म्हणाला, "दादा, करंट तर पूर्ण आहे." मी म्हटलं, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मी चावी फिरवतो तेव्हा आकडा बघ. ३ व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हणायचा. इंजिनची अर्थ पट्टी, म्हणजे इंजिनला बॉडीशी जोडणारी जाड वायर, वरून ठीक दिसत होती. बोल्ट काढला तर खाली गंज, आणि आतल्या तारा हिरव्या पडून हातात तुटून येत होत्या. पट्टी बदलली, बॉडी पॉलिश पेपरने चकचकीत घासली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. बॅटरीचे पैसे त्या माणसाचे फुकट गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण साधं आहे. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शाबूत असली तरी ते पूर्ण व्होल्ट दाखवतं. लोड, म्हणजे सेल्फ, दिवा असं करंट ओढणारं काही, चालू असताना मोजलं तरच दुखणं दिसतं. आपल्याकडे खारी हवा आणि तुंबलेल्या रस्त्यांचं पाणी, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा मला दोष अर्थमध्ये नाहीतर कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांत सापडतो.

मग रिले समजून घ्या, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० वर सप्लाय येतो, ८७ वरून पुढे जातो. हॉर्न, फॅन, हेडलाइट, सगळीकडे बहुतेक हेच. फ्यूज वारंवार उडत असेल तर लाल १० अँपिअरच्या जागी पिवळा २० चा कधीच घालू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. मोठा घातला की वायर जळते, आणि मग गाडी.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र, नंतर घ्या. कोड दिसला म्हणून सेन्सर बदलायचा नसतो, आधी त्या सेन्सरचा सप्लाय आणि अर्थ मोजायचा. आणि बल्बवाला टेस्ट लॅम्प कॉम्प्युटरच्या वायरींना लावू नका, तो नको तेवढा करंट ओढतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर, कुणी शिकवणारं शेजारी उभं असल्याशिवाय, मीटरसुद्धा लावायचं नाही.