गोल्फच्या टीवर खत टाकण्याआधी

आधी टी, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात ती गवताची जागा, मोजा; अंदाजाने पोतं उलटं करू नका. बर्म्युडा गवत जोमात वाढत असताना महिन्याला चौरस मीटरमागे २.५ ग्रॅम नत्रापासून सुरुवात करा. २०० चौरस मीटरच्या टीला ५०० ग्रॅम नत्र लागेल. युरियात ते ४६ टक्के, म्हणजे साधारण १ किलो १०० ग्रॅम युरिया. निम्मा उभा, निम्मा आडवा फेका, नाहीतर हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. पानं कोरडी हवीत. दवावर दाणे चिकटले की गवत करपतं. लगेच पाणी द्या. पार-३ (तीन फटक्यांत संपवायच्या) होलच्या टीवर आयर्नचे, म्हणजे धातूच्या डोक्याच्या काठीचे, घाव जास्त, तिथे दीडपट चालेल. मुसळधार पावसाच्या तोंडावर मात्र थांबा. नुसत्या गडद रंगाच्या हौसेपायी नत्र वाढवलंत, तर थॅच (मेलेल्या काड्या-मुळांचा थर) साचून टी स्पंजासारखी होते आणि कापणीचं मशीन गवत खरवडतं.