४०० लिटरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळ आणि समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) पाणी भरल्यावर मासे कधी सोडावेत?
४ ते ६ आठवडे थांबा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच पहिला मासा सोडा. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, वाळूत हळूहळू वसतात. ते नसतील तर माशाचे कल्लेच जळतात, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. बघवत नाही ते. नुसतं पाणी फिरवत ठेवून भागत नाही, रिकाम्या टाकीतही चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. आधीच मुरलेला लाइव्ह रॉक, म्हणजे हे जिवाणू वसलेला समुद्री दगड, वापरलात तर हा काळ बराच कमी होतो, पण तेव्हाही दिवस मोजू नका, टेस्ट किट काय सांगतंय ते बघा.