दिवाळीचा किल्ला, साऱ्या सोसायटीचा

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या इतिहासातले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. या सदराकडे आलेल्या पत्रांचा सूर सारखाच आहे: दिवाळीचा किल्ला सगळ्यांनी मिळून करायचा आहे, तो कसा करावा? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या सोसायटीत दरवर्षी चार गटांचे चार किल्ले होतात आणि माती, जागा, पाण्याच्या नळावरून भांडणं होतात. यंदा एकच मोठा किल्ला करायचा आहे. कोणता घ्यावा आणि मुलांना कामं कशी वाटावीत? — वाचक, डोंबिवली

राजगड घ्या. मधोमध बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सर्वांत उंच भाग, आणि त्याला तीन बाजूंनी फुटलेल्या तीन माच्या, म्हणजे त्याखालचे सोंडेसारखे तटबंद भाग, अशी त्याची रचना आहे. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैऋत्येला संजीवनी. म्हणजे चार गटांना चार स्वतंत्र भाग आपोआप मिळतात आणि कुणाचाही भाग दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही. प्रत्येक भागाला स्वतःचं वैशिष्ट्यही आहे. पद्मावतीवर तलाव, देऊळ, सईबाईंची समाधी. सुवेळावर खडकाला आरपार पडलेलं नेढं. संजीवनी टप्प्याटप्प्याने उतरत जाते आणि तिची दुहेरी, चिलखती तटबंदी हे मोठ्या मुलांच्या हातांना शोभेल असं काम आहे.

जागा १० फूट बाय ८ फूट असेल तर आधी खडूने एकेक फुटाचे चौकोन आखा. गडाच्या नकाशावरही तितकेच चौकोन पाडा आणि चौकोनातली रेष चौकोनात उतरवा. हे पहिल्या संध्याकाळी, सगळ्यांनी एकत्र बसून करायचं. नकाशा न आखता माती टाकायला घेतली की बालेकिल्ला फुगत जातो, संजीवनीला जागाच उरत नाही आणि त्या गटाचा हिरमोड होतो.

आतला गाभा विटा, दगड आणि रिकाम्या क्रेटचा करा. मधली उंची ३ फुटांच्या वर नेऊ नका. त्यापुढे उतार इतके उभे होतात की माती टिकत नाही. गाभ्यावर चिखलाच्या दाट रबडीत बुडवलेली गोणपाटं अंथरायची. एवढ्या किल्ल्याला पूर्ण उसवलेली ८ ते १० गोणपाटं लागतात, कारण कडा एकमेकींवर चार बोटं चढवाव्या लागतात. त्यावर दीड इंच मातीचा थर, साधारण ३० घमेली.

माच्यांचे सांधे कुणाचे, हा वाद नक्की होणार. ते आधीच ठरवून टाका: दोन माच्यांमधला उतार दोन्ही गटांतल्या एकेका मुलाने मिळून करायचा. माती चाळणं आणि पाणी आणणं हे काम एकाच गटाला कायमचं देऊ नका, रोज पाळी बदला. ज्याच्या वाट्याला फक्त बादल्या येतात तो मुलगा तिसऱ्या दिवशी खाली उतरत नाही. आठ वर्षांखालच्यांना आळीव पेरणं, पायथ्याचं गाव आणि बाजार द्या. तटबंदी दहा-बारा वर्षांच्या मुलांना नेटकी जमते. दगड उचलणं आणि वायरिंग मोठ्यांनी करावं, त्यापलीकडे त्यांनी हात घालू नये.

बक्षीस ठेवायचंच असेल तर अख्ख्या किल्ल्याला एकच ठेवा. सर्वोत्कृष्ट माची निवडलीत की चार किल्ल्यांची भांडणं एका किल्ल्यात येतात.

किल्ला दोन दिवसांत तडकतो. वर परतीचा पाऊस आला की सगळं वाहून जातं. — वाचक, नाशिक

तुमच्याकडची माती बहुधा काळी असणार. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिला भेगा पडतातच. दोन वाटे चाळलेली तांबडी माती, एक वाटा बारीक वाळू आणि एक वाटा शेण किंवा बारीक तुकडे केलेला काथ्या असं मिश्रण करा. काथ्याचे धागे मातीला धरून ठेवतात, वाळूमुळे आकसणं कमी होतं.

दुसरं कारण म्हणजे घाई. दीड इंच एकदम थापला तर वरचा पापुद्रा उन्हाने वाळतो, आतलं ओलंच राहतं आणि पापुद्रा फुटतो. पाऊण इंचाचे दोन थर द्या, मध्ये एक रात्र जाऊ द्या. पहिला थर हाताला गार लागत असतानाच दुसरा चढवा. पूर्ण वाळलेल्या थराला नवा थर चिकटत नाही, ढपल्या निघतात. दुपारी वरून ओलं गोणपाट टाका. भेग पडलीच तर कोरडी माती कोंबू नका. कडा ओल्या करून त्याच मिश्रणाची पातळ रबडी बोटाने भरा.

पावसासाठी चारी बाजूंना बांबू रोवून वर ताडपत्री ताणा, एका बाजूला उतार द्या. ताडपत्री थेट किल्ल्यावर टाकलीत तर तटबंदी मोडते आणि आळीव कुजतं. मुख्य म्हणजे पायथ्याभोवती चार बोटं खोल चर काढा. वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा खाली साचणारं पाणीच किल्ला जास्त ढासळवतं.

आळीव कुठे दाट उगवतं, कुठे उगवतच नाही. — वाचक, सातारा

तीन गोष्टी पाहा. बी यंदाचं आहे ना? ते मातीखाली गाडलं तर जात नाही ना? आळीव वर पसरून हलकं दाबायचं असतं. आणि उभ्या उतारावर पेरलं असेल तर पाण्याच्या पहिल्या धारेने ते खाली घरंगळतं. उतारावर पेरायचं असेल तर वाटीभर रबडीत दोन चमचे आळीव कालवून ती हाताने लिंपा. भिजल्यावर बी बुळबुळीत होतं आणि जागा धरतं. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा. पाणी तांब्याने ओतू नका, फवाऱ्यानेच मारा. माचीवर आळीव आणि पायथ्याच्या शेतांत रात्रभर भिजवलेली मोहरी पेरली तर हिरव्याच्या दोन छटा मिळतात.

आमच्या इमारतीत तमिळ, गुजराती, बिहारी कुटुंबं आहेत. किल्ला आवडीने बघतात, पण 'हा तुमचा सण' म्हणून लांबच राहतात. त्यांना कसं सामील करून घ्यावं? — वाचक, ठाणे

उद्घाटनाला बोलावून नाही, कामाला बोलावून. तयार किल्ल्यापुढे उभा राहणारा माणूस पाहुणाच असतो. नकाशा आखण्याच्या संध्याकाळी त्यांच्या दारी जा आणि नेमकं काम सांगा. 'तुम्हीही या हं' एवढ्याने कुणी येत नाही.

काम कोणतं द्यायचं, तेही त्यांच्या घरातच सापडेल. तमिळ घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडून गोलू सजवतात आणि कित्येक घरी त्याच्या शेजारी मुलं छोटी बाग करतात. त्या बागेचं गवत मोहरी किंवा नाचणी उगवूनच केलेलं असतं. म्हणजे आळिवाचं काम त्यांना शिकवायची गरज नाही, उलट विचारून घ्या. बिहारमध्ये दिवाळीला मुली मातीचा घरौंदा करतात, रंगवलेलं छोटं घर. पायथ्याचं गाव त्या आजी-काकूंच्या हाती सोपवा. उत्तरेकडच्या अनेक घरांत पाडव्याला शेणाचा गोवर्धन पर्वत घालतात. त्यांना शेणमातीचं प्रमाण हाताने कळतं. गोलूच्या बाहुल्या मात्र किल्ल्यावर मागू नका. त्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात, ओल्या मातीत खराब होतील आणि नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

तमिळ कुटुंबं जास्त असतील तर राजगडाऐवजी जिंजीच करा. आम्हाला तर हा फार सुंदर पर्याय वाटतो. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारी लांब तटबंदी, त्यामुळे गट पाडणं सोपं. दक्षिणेच्या मोहिमेत १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. पुढे रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराज इथे पोहोचले आणि स्वराज्याचा कारभार इथून चालला. मोगलांना तो १६९८ मध्ये मिळाला, तोही कित्येक वर्षांच्या वेढ्यानंतर. महाराष्ट्रातून एवढ्या लांब मराठी राज्य कुणाच्या भूमीवर तगलं, हे मुलांना एका नकाशात समजतं. पायथ्याशी मजले चढत गेलेला कल्याण महाल पुठ्ठ्याचा करा, तो मातीत जमत नाही. पाट्या मराठीत आणि तमिळमध्ये लावा. तमिळ पाट्या त्या घरच्या मुलांनीच लिहाव्यात.

किल्ला बघायला आलेल्यांना मुलं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतात, लोक मध्येच निघून जातात. — वाचक, कोल्हापूर

एकाच मुलाने सगळं सांगायचं ठेवलं की असंच होतं. दहा जागा निवडा, दहा मुलं उभी करा. प्रत्येकाने आपल्यासमोरची एकच जागा अर्ध्या मिनिटात सांगायची: हे काय आहे आणि ते इथेच का बांधलं. 'का' महत्त्वाचं. दरवाजापुढे वळण का? शत्रूला सरळ धावत येऊन धडक देता येऊ नये आणि हत्तीला जोर घ्यायला जागा मिळू नये म्हणून. गडाच्या माथ्यावर टाकी का? वेढ्यात दारूगोळ्याआधी पाणी संपतं. बांधणाऱ्या मुलाला हे हाताने कळलेलं असतं, त्याला पाठ करावं लागत नाही. बुजऱ्या मुलांना जोडीने उभं करा.

लहानांनी किल्ल्यावर डायनासोर किंवा विमान ठेवलं तर रागावू नका. पायथ्याच्या बाजारात खेळण्यांचं दुकान मांडून तिथे जागा द्या.

दिव्यांबद्दल एक सूचना. ओल्या मातीतून घरची २३० व्होल्टची वायर कधीही नेऊ नका. १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या घ्या, अडॅप्टर कोरड्या जागी उंचावर ठेवा. फटाके किल्ल्यापासून लांब. उघडं राहिलेलं कोरडं गोणपाट ठिणगीने पेटतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. अंगण नाही, माती नाही, थंडी मात्र आहे. मंडळाच्या हॉलमध्ये किल्ला करता येईल का? — वाचक, अमेरिका

येईल, पण तुकड्यांत करा. प्रत्येक कुटुंबाने २ फूट बाय दीड फुटाच्या ट्रेमध्ये घरी एक भाग करायचा आणि हॉलमध्ये सगळे ट्रे जोडायचे. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून पिळा, मैद्याच्या खळीत मळा आणि चुरगाळलेल्या कागदाच्या गाभ्यावर लिंपा. वाळायला तीन-चार दिवस द्या, नाहीतर आत बुरशी येते. ट्रेच्या कडेची उंची सगळ्यांनी आधी ठरवून सारखी ठेवा. ती जुळली नाही तर तटबंदी प्रत्येक सांध्यावर तुटलेली दिसते. आळीव वेगळ्या उथळ डब्यात, नारळाच्या भुशावर, घरातल्या उबदार खिडकीशी उगवून आयत्या वेळी लावा.

दिवाळीनंतर किल्ला कधी आणि कसा मोडावा? — वाचक, पुणे

बरेच जण तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात, तोवर आळीव पिवळं पडतंच. ज्या गटाने जो भाग बांधला त्यानेच तो उतरवावा. रंगासाठी गेरू आणि चुनाच वापरला असेल तर माती चाळून बागेच्या वाफ्यांत घालता येते. ऑइलपेंट लावलेली माती झाडांना घालू नका. गोणपाटं धुऊन कडक उन्हात वाळवली तर पुढच्या वर्षी चालतात. मावळे आणि महाराजांची मूर्ती कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि खोकं कुणाच्या घरी आहे ते सोसायटीच्या फलकावर लिहा. चौकोनांचा नकाशाही त्याच खोक्यात जाऊ द्या.