ऊन केलेल्या वाईनला काढा म्हणावे का?

म्हापशाहून एका वाचक ताईंनी विचारले आहे: "थंडी पडली की आमच्याकडे पोर्ट वाईनमध्ये दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून ती गरम करतात. कोणाला सर्दी झाली तर आले आणि माडाचा गूळ घालून फेणी. सासूबाई दोन्हींना 'काढा' म्हणतात. माझी पुण्याची जाऊ म्हणते, ती 'मल्ड वाईन' आणि ही 'हॉट टॉडी'. मराठीत नेमके काय म्हणावे? काढा चालेल का? आणि पंच या पेयाचे नाव आपल्या 'पाच'वरून इंग्रजीत गेले असे म्हणतात, ते कितपत खरे?"

ताई, काढ्यापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

संस्कृतात क्वथ् हा धातू आहे, अर्थ उकळणे. त्याचेच प्राकृतातून आलेले रूप म्हणजे आपले कढणे. कढत पाणी, कढी, कुळथाचे कढण, लोणी कढवणे, दुधाला एक कढ आणणे, आणि काढा, हे सगळे एकाच घरातले शब्द. (कढई त्यांच्यात वाढली असली तरी त्या घरातली नव्हे, ती 'कटाह' या शब्दावरून आली.) या घराण्यातल्या प्रत्येक शब्दात उकळी आहेच, आणि काढ्यात तर आटवणेही आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने काढ्याचे माप दिले आहे: औषधाची भरड एक भाग, पाणी सोळा भाग, आणि आटवून आठवा हिस्सा उरला की उतरवायचे. घरात आपण इतके मोजत नाही, पण 'पाणी निम्मे होईपर्यंत उकळ' हे वाक्य काढ्याच्या मागे लागूनच येते.

आता तुमची पोर्ट वाईन बघा. ती उकळायची नसते, हीच तिची मेख आहे. शुद्ध मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० ला. वाईन या दोघांचे मिश्रण, म्हणून मद्यार्क ७८ अंशांवर एकदम उडून जात नाही हे खरे. पण वाईन उकळली की वाफेत त्याचा वाटा वाईनमधल्यापेक्षा मोठा असतो, आणि वाफेबरोबर सुगंधही जातो. मागे उरते लवंगेचा आणि संत्र्याच्या पांढऱ्या सालीचा कडवटपणा. म्हणून मंद आचेवर ठेवायची, काठाशी बारीक बुडबुडे चिकटू लागले, वरचा पापुद्रा थरथरू लागला, वाफेला लवंगेचा वास आला की ज्योत बारीक करायची किंवा बंदच करायची आणि झाकून ठेवायचे. मसाला उकळत नाही, तो उतरतो. मराठीत 'चहा उतरला', 'केशराचा रंग उतरला' म्हणतात तसा.

या क्रियेला आयुर्वेदात वेगळे नाव आहे. औषधाचा अंश काढून घेण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत: स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (म्हणजेच काढा), हिम आणि फांट. थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळले की हिम. कढत पाणी ओतून, थोडा वेळ झाकून, गाळून घेतले की फांट. तुमची मसाल्याची वाईन जातकुळीने फांट आहे, क्वाथ नाही. फांट हा शब्द आज बोलण्यात नाही आणि तो पुन्हा बोलण्यात आणा असे मी म्हणणार नाही. पण उकळून काढणे आणि नुसते उतरवणे यांत आपल्या जुन्या लोकांनी भेद केला होता आणि दोन्हींना नावे दिली होती, हे मला फार मोलाचे वाटते. पाककृती लिहिणाऱ्याने तरी हा भेद पुसू नये.

फेणीचे मात्र उलटे आहे. तुम्ही आले, गूळ, दालचिनी पाण्यात घालून चांगले उकळत असाल, पाणी आटवत असाल, आणि मग आच बंद करून त्यात फेणी ओतत असाल. (तसे करत नसाल तर तसेच करा. फेणीत मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास असतो, तिची वाफ गॅसच्या ज्योतीवर पेट घेते.) तिथे आधी शिजतो तो शंभर टक्के काढा. म्हणजे सासूबाई फेणीच्या बाबतीत अगदी बरोबर बोलतात, आणि वाईनच्या बाबतीत त्या पदार्थाच्या उपयोगावरून बोलतात: सर्दीवर घ्यायचे, मसाल्याचे, ऊन, म्हणजे काढा. बोलीत असे होतेच. 'दारू' हा शब्दच पाहा. फारसीत दारू म्हणजे औषध. आपण तो अर्थ विसरलो, पण 'दवादारू केली' म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ बोलत असतो.

कोणी 'आसव' किंवा 'अरिष्ट' सुचवले तर घेऊ नका. द्राक्षासव ऐकायला फार जवळचे वाटते, पण आसवात आणि अरिष्टात औषधी द्रव्ये आंबवण्यापूर्वीच घालतात आणि मद्यार्क त्या आंबण्यातूनच तयार होतो. अरिष्टात आधी काढा करतात, आसवात करत नाहीत, एवढाच दोघांत फरक. तयार वाईनमध्ये मागाहून मसाला उतरवणे ही वेगळी गोष्ट.

मग 'गरम मसाला वाईन' म्हणावे का? इथे 'गरम' घात करतो. मराठीत गरम आणि उष्ण हे तापमानाचेही शब्द आहेत आणि गुणाचेही. गरम मसाला बरणीत गारच असतो. तो गरम 'पडतो'. फेणी बर्फ घालून घेतली तरी लोक ती गरमच म्हणणार. (ऊब वाटते ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून, शरीराची उष्णता उलट बाहेर जात असते. थंडीत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.) नुसत्या तापमानाचा, संदिग्धता नसलेला शब्द आपल्याकडे आहे: ऊन. ऊन पाणी, ऊन भात, ऊन-ऊन पेज. गोव्यात तर तो कोंकणीच्या 'हून'मुळे रोज कानावर पडतो. चहासुद्धा हुनहुनीतच लागतो. दोन्ही शब्द 'उष्ण'चेच. मराठीत पाण्याच्या तापण्याच्या पायऱ्याही किती नेमक्या आहेत: कोमट, ऊन, कढत, मग आधण. मसाल्याची वाईन 'ऊन' या पायरीवर थांबवायची, कढत होऊ द्यायची नाही. एका शब्दात सगळी कृती येते.

शिवाय इतर भाषांनीही हेच केले आहे. पोर्तुगीजांची 'व्हिन्यू केंत' म्हणजे शब्दशः ऊन वाईन. जर्मन 'ग्ल्यूव्हाईन'मध्ये धगधगणे आहे. ब्राझीलमध्ये तर उसाच्या दारूत आले, लवंग, दालचिनी आणि साखर घालून जे पेय करतात त्याचे नाव 'केंतांव', म्हणजे त्याच 'केंत'ला महत्त्ववाचक प्रत्यय लावून केलेला शब्द. मी मुद्दाम गोव्याच्या कानाने लिहिले: आपल्याकडे 'पांव'चा पाव झाला आणि सेंट जॉनचा सण सांजांव झाला, त्याच चालीने. हे केंतांव पितात तेही सांजांवाच्याच दिवसांत, जूनमध्ये, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा हिवाळा असतो. गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, तिकडे शेकोटीभोवती आल्याची ऊन दारू. आणि आपली काजूची फेणी ज्या झाडाच्या बोंडांची, ते झाडही ब्राझीलचेच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेले. तुमचे फेणी-आल्याचे पेय म्हणजे केंतांवची सख्खी बहीण आहे.

तुमच्या जाऊबाईंची 'टॉडी' थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद नाही. ताडाची ती ताडी, तिचे इंग्रजांनी टॉडी केले. सतराव्या शतकात इंग्रजीत टॉडी म्हणजे ताडामाडांचा रसच होता. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये व्हिस्की, कढत पाणी आणि साखर यांच्या मिश्रणाला ते नाव चिकटले. गोव्यात रेंदेर माडावरून काढतो ती सूर, कोकणात माडी. म्हणून 'हॉट टॉडी'चे भाषांतर 'गरम ताडी' कोणी करू नये. ते दुसरेच काहीतरी होईल.

आता पंच. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण गोव्याच्या माणसासाठी तो सर्वांत रसाळ आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. १६७० च्या दशकात तो या किनाऱ्यावर हिंडला आणि त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. गोव्याच्या हकिकतीत तो लिहितो की नेरूळ इथे सर्वोत्तम आरक (गाळलेली दारू), म्हणजेच 'नेपा द गोवा', तयार होते, आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचे, अंगातले त्राण घालवणारे पेय करतात. पाच जिनसांचे म्हणून पाँच, हिंदुस्थानीत पाच. हे नेरूळ म्हणजे बार्देशातले, मांडवीच्या मुखाजवळचे. नव्या मुंबईतले नव्हे. म्हणजे पंचची ही सर्वांत प्रसिद्ध व्युत्पत्ती जिथे सांगितली गेली तो मजकूरच आपल्या गावाबद्दल आहे, आणि हे गोव्यात फारसे कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

त्यातला 'आरक'ही सोडू नका. अरबीत 'अरक' म्हणजे घाम. भट्टीत भांड्याला सुटलेल्या थेंबांवरून गाळलेल्या दारूला ते नाव पडले. मराठीतला गुलाबाचा अर्क तोच, आणि मार्च उजाडला की गोवा ज्याची वाट पाहतो तो हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तोही तोच. फेणी मात्र आपल्या 'फेण'ची, म्हणजे फेसाची.

पण पाचची व्युत्पत्ती पक्की आहे का? शंका घेणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. इंग्रजीत 'पंच' शब्दाचा सर्वांत जुना उल्लेख १६३२ च्या एका पत्रातला, कंपनीच्याच माणसाचा. तिथे पाचाचा काही संबंध नाही. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो 'पालेपुंत्झ' नावाचे पेय सांगतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा, चारच. फ्रेंच प्रवासी बर्निए बंगालमधल्या 'बूलपाँज'ची कृती देतो, त्यात आरक, लिंबू, पाणी आणि वर किसलेले जायफळ. स्वतः फ्रायरही पाच म्हणून झाल्यावर लगेच चार जिनसांच्या प्रकाराची गोष्ट काढतो. शिवाय त्या काळी इंग्रजीत या शब्दातला स्वर 'उ'कडे झुकलेला होता, तो आपल्या 'पंच'मधल्या 'अ'शी जुळत नाही. म्हणून काही जण तो खलाशांच्या 'पंचन' या मोठ्या पिंपाशी जोडतात.

माझे मत असे: पिंपाची कल्पना आवाजाला जुळते, पण तिच्या बाजूने त्या काळच्या कोणाची साक्ष नाही. पाचच्या बाजूने निदान प्रत्यक्ष इथे राहून गेलेल्या माणसाची साक्ष आहे. पंचामृत, पंचकोल, पंचगव्य असे जिनसा मोजून नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की परक्या कानाला 'पाँच' ऐकू आले असेल तर नवल नाही. मी 'बहुधा' म्हणेन, 'नक्की' म्हणणार नाही.

तेव्हा वाईनला 'मसाल्याची ऊन वाईन' म्हणा. घाईत 'मसाला वाईन'. फेणीच्या पेयाला घरात काढा खुशाल म्हणा, आणि पाहुण्यांसमोर ठेवायचे असेल तर 'फेणीचा पंच' म्हणा: फेणी, पाणी, माडाचा गूळ, लिंबू आणि मसाला मिळून तुमच्या पाच जिनसा होतातच. 'पंच' पुल्लिंगीच ठेवा, 'पंच केला', 'पंच घेतला'. लवादाचा पंच आणि हा पंच यांत गोंधळ होत नाही, वाक्य सांभाळून घेते. आणि कृती लिहून ठेवणार असाल तर क्रियापदे अशी वापरा: वाईन ऊन करा, कढ येऊ देऊ नका, मसाला उतरू द्या, गाळा. पंचासाठी: आले-गूळ उकळून काढा करा, आच बंद करा, मग फेणी घाला, लिंबू पिळा, वरून जायफळ किसा.