कायदा सोडून कॅमेरा?

प्रश्न : माझी मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तिनं काही माहितीपट पाहिले आणि आता म्हणते, कोर्टात काही बदलत नाही, मी फिल्म करणार. शिक्षण सोडायला निघाली आहे. माझा अनुभव असा, की लोक फिल्म बघतात, हळहळतात आणि घरी जाऊन जेवतात. तिला कसं समजावू? – एक आई

उत्तर : ताई, हळहळून घरी जाण्याचं तुमचं निरीक्षण बहुतेक वेळा खरं ठरतं. पण या मुद्द्यावर मुलीशी वाद घालू नका, हराल. त्यापेक्षा दोघी बसून 'द थिन ब्लू लाइन' हा अमेरिकन माहितीपट पाहा.

टेक्सासमधल्या डॅलस शहरात १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला. त्यात रँडल डेल अ‍ॅडम्सला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली. दिग्दर्शक एरॉल मॉरिस टेक्सासला गेला होता तो भलत्याच विषयासाठी. फाशीच्या खटल्यांत साक्ष देणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर त्याला फिल्म करायची होती. कैद्यांशी बोलताना अ‍ॅडम्स भेटला, काहीतरी खटकलं, आणि मॉरिसनं खटल्याची कागदपत्रं उपसायला घेतली. पूर्वी त्यानं खासगी गुप्तहेराचं काम केलं होतं, ते इथं कामी आलं. १९८८ मध्ये फिल्म आली आणि १९८९ मध्ये, बारा वर्षांहून अधिक काळ आत काढून, अ‍ॅडम्स सुटला.

आता यातला एक तपशील मुलीच्या लक्षात आणून द्या. फिल्मनं गाजावाजा केला, पण शिक्षा रद्द झाली ती कोर्टातच. वकील उभा नसता, तर अ‍ॅडम्स आतच राहिला असता. शिवाय सुटल्यावर त्याच्या कहाणीच्या हक्कांवरून अ‍ॅडम्स आणि मॉरिस यांच्यातच कायदेशीर वाद झाला! संमतिपत्र, हक्क, बदनामीचे दावे यांनी माहितीपटवाले कायम धास्तावलेले असतात. कायदा कळणारी दिग्दर्शिका त्यांना हवीच असते.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. बेघर होत जाणाऱ्या कुटुंबावरची 'कॅथी कम होम' १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीवर दाखवली गेली आणि देश हादरला. पंधरा दिवसांनी, १ डिसेंबरला, 'शेल्टर' ही बेघरांसाठीची संस्था सुरू झाली. ती फिल्ममुळे जन्मली असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात तिची तयारी आधीपासून चालू होती. फिल्मनं लोकांना हलवलं आणि हललेल्या लोकांना जायला एक दार उघडं होतं. तुम्ही म्हणता तसे लोक घरी जेवायला जातात, ते असं दार नसतं तेव्हा.

(फिल्मची ताकद वाईटासाठीही वापरली जाते. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'नं अमेरिकेत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेला नवं बळ दिलं. हेही तिला माहीत असू द्या.)

हललेल्या लोकांसाठी दार तयार ठेवणं हाही आज एक व्यवसाय आहे, तो करणाऱ्याला इम्पॅक्ट प्रोड्यूसर म्हणतात. फिल्म कुणाला, कुठे, कोणत्या कायद्याच्या चर्चेआधी दाखवायची, नंतर लोकांनी काय करायचं, हे तो ठरवतो. संशोधन, संकलन, निर्मिती ही नेहमीची कामं आहेतच. पण उत्पन्नाबद्दल भ्रम नको. अनेक माहितीपटकार जाहिराती करून किंवा शिकवून घर चालवतात. सामाजिक आशयाच्या फिल्मसाठी २००४ मध्ये निघालेली, ऑस्करपर्यंत पोचलेली 'पार्टिसिपंट' ही कंपनीही २०२४ मध्ये बंद झाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पदवी पूर्ण करावी. त्यासाठी कॅमेरा मात्र काढून घेऊ नका. येत्या सुट्टीत तिनं एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करावी आणि त्या कामातून दिसलेल्या एकाच प्रश्नावर, संबंधितांची लेखी संमती घेऊन, दहा मिनिटांची फिल्म करावी. मोबाइल पुरे. चित्रीकरणापेक्षा संकलनात जास्त दिवस जातील, तेव्हा ती वैतागेल; मदतीला धावू नका. वैतागूनही ती टेबलावरून उठली नाही, तर मला पुन्हा लिहा, पुढच्या अभ्यासक्रमांचं बोलू.

फिल्म तुम्हीही पाहा, पण ज्यांच्यावर ती आहे त्यांनी आधी पाहिल्यावर.